यमकामागचा अर्थ: इंग्रजीतल्या जुळ्या शब्दांची मुळे

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ‘हेल्टर-स्केल्टर’, ‘विली-निली’, ‘हॉबनॉब’, ‘होकस-पोकस’ असे यमक जुळणारे शब्द नववी-दहावीच्या मुलांसमोर येतात, तेव्हा त्यांचा अर्थ सांगून पुढे जावे की त्यांना काही मूळ असते? होकस-पोकस हा शब्द चर्चमधल्या प्रार्थनेतून आला आणि ‘निटी-ग्रिटी’ हा गुलामांच्या जहाजांवरून आला, असे त्यांनी एका प्रशिक्षणात ऐकले. ते खरे मानावे का? आणि हे शब्द मराठीत आणायचे तर कसे? मी रत्नागिरीत न्यायालयीन कागदपत्रांचे भाषांतर करतो. मुळांचा शोध हा माझ्या पोटापाण्याच्या उद्योगाचाच भाग असल्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे.

बाई, आपल्या पहिल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की यातल्या बहुतेक शब्दांना मूळ असते, मात्र ते यमकात सापडत नाही. यमक हा शब्दावर नंतर चढलेला मुलामा असतो. मूळचा एखादा कायद्याचा, खेळाचा किंवा कुणा माणसाच्या नावाचा शब्द लोकांच्या तोंडी घोळत राहतो, त्याचा अर्थ पुसट होऊ लागतो, आणि तो विस्मरणात जाण्याऐवजी जोडीदार पकडून टिकून राहतो. त्या जोडीदाराच्या गलक्यात त्याचे मूळ ऐकू येईनासे होते. म्हणून शोध घेताना ‘हे यमक कशावरून जुळवले असेल’ असा तर्क लढवत बसण्यापेक्षा तो शब्द सर्वांत आधी केव्हा लिहिला गेला आणि त्या वेळी त्याचा अर्थ काय होता, हे पाहावे. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश, ज्याचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि जो १९२८ मध्ये पुरा झाला, तो याच तत्त्वावर रचलेला आहे. प्रत्येक अर्थापुढे जुन्यातल्या जुन्या वापरापासून सुरुवात करून सालवार उतारे दिलेले असतात. साल हाताशी असले की निम्म्या दंतकथा आपोआप गळून पडतात.

आपल्याकडे हा प्रकार नवा नाही. शालेय व्याकरणात आपण ज्यांना अंशाभ्यस्त शब्द म्हणतो, म्हणजे ज्यांत शब्दाचा काही भाग पुन्हा येतो, त्यांच्याकडे जरा निरखून पाहिले तर चार तऱ्हा दिसतात. ‘मोडतोड’ या शब्दाचे दोन्ही भाग अर्थपूर्ण आहेत. ‘शेजारीपाजारी’ यात शेजारी खरा आणि पाजारी त्याच्या मागून आलेला. ‘अदलाबदल’ यात उलट, मागचा ‘बदल’ खरा आणि पुढचा ‘अदला’ नुसता जोडलेला. ‘सटरफटर’ यात दोन्हींपैकी कोणालाच स्वतंत्र अर्थ उरलेला दिसत नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात, ज्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ ची आहे, ‘गोडधोड’सारख्या नोंदींपुढे ‘गोड’ची द्विरुक्ती असा स्पष्ट शेरा आढळतो. इंग्रजीतही हाच हिशेब चालतो. ‘वॉकी-टॉकी’ किंवा ‘बिगविग’ यांचे दोन्ही भाग अर्थपूर्ण आहेत. अठराव्या शतकातल्या इंग्लंडात बडी माणसे डोक्यावर भला मोठा कृत्रिम केसांचा टोप चढवत, त्यावरून बिगविग म्हणजे बडी असामी. ‘रोली-पोली’ यात लोळणारा ‘रोल’ खरा, ‘इट्सी-बिट्सी’ यात मागचा ‘बिट’ खरा. आणि ‘होकस-पोकस’ यात, निदान इंग्रजीपुरते, दोन्हीही निरर्थक.

हॉजपॉज या शब्दापाशी मी जरा जास्त थांबणार आहे, कारण तो माझ्या कामात नेहमी भेटतो. आज याचा अर्थ भलत्यासलत्या गोष्टींची सरमिसळ एवढाच सांगितला जातो. मूळ मात्र जुन्या फ्रेंचमधले आहे. ‘होशे’ म्हणजे हलवणे, ढवळणे आणि ‘पो’ म्हणजे भांडे. दोन्ही मिळून ‘होशपो’, म्हणजे एकाच भांड्यात मांस, भाज्या, जे असेल ते घालून ढवळून शिजवलेला पदार्थ. कोकणातल्या वाचकाला समजावायचे तर ऋषिपंचमीची भाजी डोळ्यांसमोर आणावी. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसर या इंग्रज कवीने हा शब्द लाक्षणिक अर्थाने वापरलेला आहे: सगळ्यांचे सल्ले एकाच भांड्यात टाकल्याचा ठपका त्याच्या लेखनातली एक बाई आपल्या नवऱ्यावर ठेवते. पुढे ‘पॉट’चा ‘पॉच’ झाला तो केवळ ‘हॉच’शी जुळावा म्हणून, आणि मग हॉचपॉचचे हॉजपॉज. म्हणजे यमक येण्याआधी या शब्दाला व्यवस्थित अर्थ होता. यमकाने त्यातले भांडेच नाहीसे केले.

पण भांडे एका ठिकाणी टिकून राहिले, आणि ते ठिकाण म्हणजे न्यायालय. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात ‘हॉचपॉट’ ही संज्ञा तेराव्या शतकापासून चालत आलेली आहे. बापाने एका मुलीला लग्नात जमीन दिली असेल आणि बापाच्या पश्चात उरलेल्या जमिनीत तिला बहिणीबरोबर हिस्सा हवा असेल, तर आधी मिळालेली जमीन तिने हिशेबापुरती पुन्हा एकत्र घालायची आणि मग सगळ्याची सारखी वाटणी व्हायची. पंधराव्या शतकातले न्यायाधीश टॉमस लिटलटन यांनी जमीनधारणेवरच्या आपल्या ग्रंथात या संज्ञेचा खुलासा करताना तिची तुलना पुडिंगशी केली आहे, कारण पुडिंगमध्ये एकच जिन्नस कधी घालत नाहीत. कायद्याचा माणूस स्वयंपाकघरातला दाखला देतो तेव्हा तो बहुधा नेमका असतो, असे माझे मत आहे.

ही संज्ञा इंग्रजांबरोबर आपल्याकडे आली आणि एकत्र कुटुंबाच्या दाव्यांत कायमची रुजली. मुंबईत नोकरी करणाऱ्या एका भावाने स्वतःच्या कमाईतून देवगडकडे हापूसची कलमे असलेली जागा घेतली, सात-बारा त्याच्या एकट्याच्या नावावर. गावातल्या भावांनी ती राखली, फवारणी केली, पेट्या भरल्या, आणि उत्पन्न वर्षानुवर्षे सगळ्यांच्या खर्चात गेले. पुढे वाटपाचा दावा उभा राहिला की प्रश्न हाच येतो: ही मिळकत त्याची स्वकष्टार्जितच राहिली, की त्याने आपला वेगळा हक्क सोडण्याच्या इराद्याने ती सामाईकात मिसळली? इंग्रजी निकालपत्रात यासाठी मिळकत ‘कॉमन हॉचपॉट’मध्ये टाकली असे शब्द येतात. कोश उघडून त्याचे ‘खिचडी’ किंवा ‘सरमिसळ’ असे भाषांतर केले तर निकालाचा अर्थच बिघडतो. नुसते उत्पन्न एकत्र खर्च झाले एवढ्याने मिळकत सामाईक होत नाही, त्यामागे मालकाचा तसा इरादा लागतो, आणि तो इरादा ‘सरमिसळ’ या शब्दात कुठेच नाही. मी तेथे ‘सामाईक मिळकतीत सामील केली’ असे लिहितो. योगायोग असा की याच दाव्यांच्या मराठी अर्जांत आपला एक यमकी शब्द ठाण मांडून बसलेला असतो: ‘सरसनिरस मानाने वाटप’. चांगली जमीन आणि हलकी जमीन दोन्हींचा तोल राखून वाटणी, हा त्याचा अर्थ. सरस आणि निरस हे त्याचे दोन्ही भाग धडधाकट आहेत, आणि यमक असूनही तो शब्द जराही थिल्लर वाटत नाही.

विली-निली आणि हॉबनॉब हे दोन शब्द एकाच घडणीचे आहेत, आणि मराठी माणसाला ती घडण इंग्रजांपेक्षाही लवकर समजावी. जुन्या इंग्रजीत ‘ने’ हा नकारदर्शक शब्द होता आणि तो पुढच्या क्रियापदाला चिकटत असे. ‘विल’ म्हणजे इच्छा असणे, तर ‘निल’ म्हणजे इच्छा नसणे. आपण ‘असणे’ला नकार जोडून ‘नसणे’ करतो, अगदी तसेच. ‘विल आय, निल आय’ म्हणजे माझी इच्छा असो वा नसो. ‘विल ही, निल ही’ म्हणजे त्याची असो वा नसो. शेक्सपिअरच्या ‘टेमिंग ऑफ द श्रू’ या नाटकात पेट्रुकिओ कॅथरिनला बजावतो की तुझी इच्छा असो वा नसो, मी तुझ्याशी लग्न करणार. ही जोडी सतराव्या शतकाच्या आरंभी आक्रसून विली-निली झाली. पुढे ‘निल’ हे क्रियापद इंग्रजीतून गेले आणि उरला तो पोरकट वाटणारा आवाज. त्यामुळेच आज अनेकजण हा शब्द ‘वाटेल तसे, अंदाधुंद’ या अर्थाने वापरतात. तो अर्थ आता कोशांतही आहे, म्हणून त्याला चूक म्हणता येणार नाही. पण ‘मनाविरुद्ध, नाइलाजाने’ हा अर्थ आधीचा, आणि उताऱ्यात कोणता अभिप्रेत आहे हे मागच्या-पुढच्या वाक्यांवरून ठरवावे लागते.

हॉबनॉबमध्ये हेच ‘ने’ ‘हॅव’च्या जुन्या रूपाला लागले आहे. जुने क्रियापद ‘हॅबन’ आणि त्याचे नकारी रूप ‘नॅबन’; त्यांवरून ‘हॅब नॅब’, म्हणजे शब्दशः ‘असो-नसो’, म्हणून ‘लागला तर लागला’. शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये एका भित्र्या सरदाराची खोटीच भीती घालताना सर टोबी सांगतो की ‘हॉब, नॉब’ हेच त्याचे ब्रीद आहे, म्हणजे तो मारणार नाहीतर मरणार. या बेदरकार शब्दाचे ‘बड्यांमध्ये ऊठबस करणे’ कसे झाले? अठराव्या शतकात दोघेजण समोरासमोर बसून आळीपाळीने एकमेकांच्या नावाने पेला उचलताना हे शब्द म्हणू लागले: तू दे, मी घेतो. त्यावरून हॉबनॉब करणे म्हणजे सोबत पिणे आणि पुढे सोबत असणे. आता पेल्याचीही गरज उरलेली नाही. इंग्रजी वर्तमानपत्रांत नेते आणि सिनेनट एकत्र दिसले की हे क्रियापद हजर होते, आणि त्याला किंचित कुचकट वास असतो. मराठीत ‘ऊठबस’ चालतो. कुचकटपणा हवा असेल तर ‘लगट’ जवळचा.

काही शब्दांची जन्मतारीखच ठाऊक असते. ‘नँबी-पँबी’ हा त्यांतला सर्वांत चोख. ॲम्ब्रोज फिलिप्स नावाचा एक इंग्रज कवी होता. त्याची आणि अलेक्झांडर पोपची गोपगीते १७०९ मध्ये एकाच संग्रहात छापली गेली आणि तेथून दोघांचे बिनसले. पुढे फिलिप्सने उमरावांच्या तान्ह्या मुलींवर लाडिक, ठेंगण्या ओळींच्या कविता लिहिल्या. १७२५ मध्ये हेन्री केरीने त्यांची टर उडवणारी कविता लिहिली आणि तिला नाव दिले ‘नँबी-पँबी’. ॲम्ब्रोजचे लाडके रूप ‘ॲम्बी’, त्याला बोबडा ‘न’ लावून नँबी, आणि फिलिप्समधला ‘प’ पुढे सरकून पँबी. पोपनेही ते नाव उचलून धरले. एका माणसाच्या नावाचे हे हसे पुढे ‘मिळमिळीत, लाडावलेला, कणा नसलेला’ अशा अर्थाचे विशेषण झाले आणि फिलिप्सच्या कवितांपेक्षा जास्त जगले.

‘क्लॅपट्रॅप’ हा शब्द मला सगळ्यांत आवडतो, कारण त्याला मराठीत तंतोतंत जोडीदार आहे. नाटकाच्या धंद्यातला हा शब्द नेथन बेलीच्या कोशात १७३० च्या सुमारास नोंदलेला दिसतो: टाळी पकडण्यासाठी लावलेला सापळा, म्हणजे प्रेक्षकांनी टाळ्या पिटाव्यात एवढ्याचसाठी पेरलेले वाक्य. आपल्याकडे ज्या मुलखात दशावतारी नाटक रात्रभर चालते आणि गावचा गणपतीतला नाट्यप्रयोग अजून टिकून आहे, तेथे ‘टाळीचं वाक्य’ म्हणजे काय हे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. पुढे इंग्रजीत याचा अर्थ घसरला आणि तो ‘पोकळ बडबड, भूलथापा’ असा झाला. निवडणुकीच्या भाषणाला क्लॅपट्रॅप म्हणतात ते याच अर्थाने. मुलांना आधी टाळीचे वाक्य सांगावे, मग भूलथापा, म्हणजे अर्थ का घसरला हे त्यांचे त्यांनाच उमगते.

यमक अर्थावर कशी कुरघोडी करते याचा नमुना ‘हॉइटी-टॉइटी’. ‘हॉइट’ हे आज नामशेष झालेले क्रियापद धिंगाणा घालणे, हुंदडणे अशा अर्थाचे होते आणि सतराव्या शतकात हा जोडशब्द दंगामस्तीसाठीच वापरत. पण त्याचे एक रूप ‘हायटी-टायटी’ असेही होते. त्यात लोकांना ‘हाय’ म्हणजे उंच ऐकू येऊ लागले आणि दंगेखोराचा बघता बघता नाक वर करून चालणारा, शिष्ट माणूस झाला. ‘हर्ली-बर्ली’ मात्र आपल्या मूळ अर्थाशी इमान राखून आहे: ‘हर्लिंग’ म्हणजे गोंधळ, कल्लोळ, आणि मॅकबेथच्या पहिल्याच प्रवेशात चेटकिणी हा शब्द लढाईच्या धुमाळीसाठी उच्चारतात. ‘पेल-मेल’, म्हणजे घाईगर्दीत, गोंधळात, हा फ्रेंचमधून आला, मिसळणे या अर्थाच्या क्रियापदावरून. लंडनच्या पॉल मॉल या रस्त्याशी त्याचा संबंध नाही, ते नाव चेंडू आणि मोगरीने खेळायच्या एका इटालियन खेळावरून पडले. ‘हीबी-जीबी’, म्हणजे जिवाला वाटणारी धास्ती, हा अगदी अलीकडचा, १९२३ साली बिली डिबेक या अमेरिकी व्यंगचित्रकाराच्या चित्रमालिकेत प्रथम दिसलेला.

आता आपण प्रशिक्षणात ऐकलेल्या दोन कथा. होकस-पोकस हे लॅटिन प्रार्थनेतल्या ‘होक एस्ट कॉर्पस’, म्हणजे ‘हे शरीर आहे’, या शब्दांचे विडंबन आहे, ही कल्पना जॉन टिलट्सन यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस मांडली. ते कँटरबरीचे आर्चबिशप होते, प्रॉटेस्टंट होते, आणि कॅथॉलिकांच्या विधीला जादूगाराचा खेळ म्हणण्यात त्यांना स्वारस्य होते. शब्द मात्र त्यांच्या कितीतरी आधीचा आहे. तो १६२० च्या दशकापासून जादूगाराचे नाव म्हणून सापडतो, आणि १६३४ मध्ये हातचलाखीच्या खेळांचे एक पुस्तक त्याच नावाने निघाले होते. टॉमस ॲडी या लेखकाने १६५० च्या दशकात लिहून ठेवले आहे की पहिल्या जेम्स राजाच्या काळात एक जादूगार स्वतःला ‘महाराजांचा परमश्रेष्ठ होकस पोकस’ म्हणवून घेई आणि प्रत्येक खेळाच्या वेळी लॅटिनसारखे वाटणारे, पण बहुतांशी अर्थहीन असे शब्द भराभर म्हणे, जेणेकरून बघणाऱ्यांची नजर हातावरून ढळावी. माझा कौल खोट्या लॅटिनच्या बाजूने आहे. त्या खोट्या लॅटिनमध्ये प्रार्थनेचा प्रतिध्वनी असू शकतो, पण वर्गात सांगताना ‘टिलट्सन यांचा तर्क’ एवढेच म्हणावे. ‘होक्स’ हा शब्द होकसचेच आखूड रूप असावा, असे बहुतेक कोशकार मानतात.

निटी-ग्रिटीची कथा मात्र सरळ बाजूला ठेवावी. गुलामांच्या जहाजाच्या तळाशी उरणाऱ्या घाणीला हा शब्द वापरत, असे सांगितले जाते. ब्रिटनने गुलामांचा व्यापार १८०७ मध्ये कायद्याने बंद केला. निटी-ग्रिटी लिखित स्वरूपात दिसू लागतो तो विसाव्या शतकात, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीत. जहाजांच्या नोंदवह्या, खलाशांची वर्णने, गुलामगिरीविरोधी चळवळीचे साहित्य, एवढा प्रचंड लेखी ऐवज उपलब्ध असताना त्यात शंभराहून अधिक वर्षे हा शब्द कोठेही उमटू नये आणि मग तो एकाएकी बोलीत प्रकट व्हावा, हे संभवत नाही. ‘ग्रिट’ म्हणजे कणखर, खरखरीत कण, त्याला पुढे ‘निटी’ लागले, आणि अर्थ ‘कामाचा खरा, किचकट गाभा’. कथा हृदयद्रावक आहे म्हणून ती खरी ठरत नाही, आणि गुलामगिरीच्या क्रौर्याला अशा आधाराची गरजही नाही.

ज्या शब्दांमागे खरोखर साम्राज्याचा इतिहास आहे त्यांच्याकडे मात्र वर्गात फारसे लक्ष जात नाही. ‘मंबो-जंबो’ हा शब्द फ्रान्सिस मूर या इंग्रज व्यापाऱ्याच्या १७३८ मधल्या आफ्रिकेच्या प्रवासवर्णनातून इंग्रजीत आला. गँबिया नदीकाठच्या मँडिंगो लोकांत सालीचा लांब झगा आणि मुखवटा घालून रात्री एक जण गावात येई, घरातल्या भांडणांचा निवाडा करी आणि विशेषतः बायकांना दहशत घाली. त्या सोंगाचे हे नाव. इंग्रजांनी ऐकले तसे लिहिले, आणि एकोणिसाव्या शतकात ते ‘न कळणारी बडबड, भोंदू मंत्रतंत्र’ या अर्थाने रूढ झाले. एका समाजाची गंभीर संस्था दुसऱ्याच्या कानात थट्टेचे यमक होऊन बसली.

याचाच घरचा दाखला ‘हॉब्सन-जॉब्सन’. कर्नल हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांनी हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलण्यात रुळलेल्या देशी शब्दांचा जो कोश केला, त्याचे हे नाव. बर्नेल १८८२ मध्ये वारले आणि कोश १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला. मोहरमच्या मिरवणुकीत छाती पिटत दिलेल्या ‘या हसन! या हुसैन!’ या हाका गोऱ्या सोल्जरांनी ऐकल्या आणि त्यांचे दोन अस्सल इंग्रजी आडनावांत रूपांतर करून टाकले. आपल्या किनाऱ्यावरच्या ज्या गावांत ताबूत निघतात तेथील कोणालाही ठाऊक आहे की तो शोकाचा आक्रोश असतो. त्याचे असे गमतीदार जोडनाव होणे मला तरी खटकते. यूलने ते निवडताना प्रस्तावनेत कारण दिले की परका शब्द इंग्रजी जिभेवर कसा बदलतो याचा हा उत्तम नमुना आहे, आणि दोन लेखक असल्याचेही त्यातून सुचते. कारण खरे आहे. परक्या शब्दाला आपल्या भाषेतल्या ओळखीच्या ध्वनींत बसवण्याच्या प्रवृत्तीला भाषाशास्त्रात आजही ‘हॉब्सन-जॉब्सनचा नियम’ म्हणतात.

एक गोष्ट मुलांना अवश्य ऐकवून दाखवावी, कारण त्यासाठी कोश लागत नाही. या इंग्रजी जोड्यांचा पहिला भाग फार वेळा ‘ह’ने सुरू होतो आणि दुसरा ओठांनी उच्चारायच्या व्यंजनाने: होकस-पोकस, हर्ली-बर्ली, हॉजपॉज, हँकी-पँकी, हिगल्डी-पिगल्डी, हगर-मगर. आता मराठी ऐकावे: अघळपघळ, अदलाबदल, अवतीभवती, अधूनमधून, किडूकमिडूक, आलतूफालतू, सटरफटर, शेजारीपाजारी. पहिल्या भागाची सुरुवात पुष्कळदा नुसत्या स्वराने, दुसऱ्याची प, फ, ब, भ, म यांपैकी कशाने तरी. ‘गोडधोड’, ‘उलटसुलट’, ‘हॉइटी-टॉइटी’ असे अपवाद दोन्हीकडे आहेत, पण ओढ स्पष्ट आहे: आधी मोकळा श्वास, मग ओठांचा ठोका. ‘झिगझॅग’, ‘डिंग-डाँग’ यांचा नियम वेगळा, तेथे व्यंजन कायम राहते आणि स्वर ‘इ’कडून ‘ॲ’ किंवा ‘ऑ’कडे जातो.

फरकही सांगावा. आपण कोणत्याही नामाला ‘बि’ लावून मोकळे होतो: चहाबिहा, मासेबिसे, होडीबिडी. इंग्रजीत अशी मोकळीक जवळजवळ नाही. यिडिश या युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतून अमेरिकी इंग्रजीत आलेला ‘श्म’ हा एक प्रकार आहे, ‘फॅन्सी-श्मॅन्सी’ यासारखा, पण त्यात ‘वगैरे’पेक्षा तुच्छता जास्त. मुले आपल्या सवयीने ‘टी-बी’ किंवा ‘बुक-बिक’ म्हणतात, तेथे इंग्रज श्रोता गोंधळतो, हे त्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे.

भाषांतराबाबत माझा नियम साधा आहे: यमकाला यमक मिळाले तर घ्यावे, पण शब्दाची जात पाहून. हेल्टर-स्केल्टरला ‘सैरावैरा’ उत्तम बसतो. हिगल्डी-पिगल्डीला ‘अस्ताव्यस्त’ चालतो, रिफ-रॅफला ‘ऐरेगैरे’. मंबो-जंबोला ‘मंत्रतंत्र’ मोहात पाडतो, पण वाक्यात कोणाच्या धर्माचा विषय असेल तर ‘अगम्य बडबड’ म्हणून सुटावे. नँबी-पँबीला ‘मिळमिळीत’, हँकी-पँकीला ‘भानगड’, विली-निलीला बहुतेक ठिकाणी ‘नाइलाजाने’. यांना यमक नाही आणि त्याने काही बिघडत नाही. ओढूनताणून यमक जुळवले की गंभीर वाक्यही बडबडगीतासारखे ऐकू येते.

मुलांनी हे शब्द स्वतः वापरावेत का, तर गोष्टीत, संवादात, पत्रमैत्रीत जरूर वापरावेत. अर्जात, अहवालात आणि निबंधात टाळावेत, कारण यांतले बहुतेक शब्द अनौपचारिक आहेत आणि मंबो-जंबो, नँबी-पँबी, हॉइटी-टॉइटी हे तर सरळ दुखावणारे आहेत. यांतल्या बऱ्याच जोड्या मध्ये छोटी रेघ देऊन लिहितात. हॉजपॉज, क्लॅपट्रॅप, बिगविग आणि हॉबनॉब मात्र आता सहसा अखंड लिहिले जातात. परीक्षेत यांची मुळे विचारू नयेत. वाक्य देऊन अर्थ विचारावा, आणि विली-निलीच्या वाक्यात दोन अर्थांपैकी कोणता लागू आहे व कशावरून, हे एका ओळीत लिहायला सांगावे.